पगारापासून ‘नाईट’पर्यंत

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण बहुधा नाटककार आणि नट यांच्या क्रमाने शिकवतो. नाटक हे पोटापाण्याचे साधन कसे झाले, हा प्रश्न त्या क्रमात क्वचितच येतो. तो विचारला की याच इतिहासाचे टप्पे निराळे दिसू लागतात.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, राजाश्रय सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. आपली व्यावसायिक रंगभूमी अशी निराधारपणातून जन्मली. राजाच्या जागी प्रेक्षक हा नटाचा अन्नदाता झाला.

या नव्या अन्नदात्याच्या लहरीपासून बचाव करणारी व्यवस्था म्हणजे नाटक मंडळी. मंडळी हे एक फिरते बिऱ्हाडच होते. पगार, जेवण आणि मुक्काम यांची सोय तिथे होई आणि शिक्षणही तिथेच मिळे. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, तरी ‘शाकुंतला’पासून (१८८०) उभी राहिलेली त्यांची मंडळी पुढे टिकली. त्यात भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याचा वाटा मोठा होताच. पण तालीम देणारे गोविंद बल्लाळ देवल आणि व्यवस्थापन पाहणारे शंकरराव मुजुमदार यांचाही वाटा लहान नव्हता. रंगमंचावर न दिसता रंगभूमीवर आयुष्य काढता येते, हे मंडळीने सिद्ध केले.

या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिचे वैभव आणि तिचे कर्ज, दोन्ही दंतकथेसारखी सांगितली जातात. एका नटाच्या लोकप्रियतेवर सारे बिऱ्हाड उभे असले की त्याचा पडता काळ सर्वांचाच पडता काळ ठरतो. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि त्या दशकात मंडळ्या एकामागून एक मोडल्या. स्वतः बालगंधर्व १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’तून पडद्यावर आले.

मंडळीबरोबर महिन्याचा पगारही गेला. त्याच्या जागी ‘नाईट’ आली : प्रयोग झाला तर पैसे. नटाला यामुळे अनेक नाटकांत कामे करण्याची मोकळीक मिळाली. नेपथ्य लावणाऱ्या, कपडेपट सांभाळणाऱ्या माणसाच्या वाट्याला मात्र प्रामुख्याने अनिश्चितता आली. वास्तविक त्याचे कौशल्य याच काळात अधिक मोलाचे होत होते. १९६२ च्या ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकरांची वेषांतरे आणि फिरता रंगमंच यांचा मेळ पडद्यामागच्या अचूकतेवाचून बसलाच नसता.

या व्यवस्थेची खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. मार्चमध्ये बंद झालेली महाराष्ट्रातील नाट्यगृहे मध्यंतरी काही महिने निम्म्या क्षमतेने सुरू झाली, पुन्हा बंद पडली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. नामवंत नटांपैकी अनेकांना मालिका-चित्रपटांचा आधार होता. रंगमंच कामगाराची ‘नाईट’ थांबली, तेव्हा त्याच्यापाठी ना मंडळी होती, ना संस्थान.

नाटकात आयुष्य काढू पाहणारे विद्यार्थी आपल्या वर्गात दरवर्षी असतात. त्यांना आपण ‘शारदा’तील करुणरस समजावून सांगतो. ते नाटक रंगमंचावर आणणाऱ्या मंडळीत चूल कशी पेटत होती, हेही सांगायला हवे. तोही वाङ्मयेतिहासच आहे.