कपाट आवरताना पैठणीची काळजी
फ्लॅटमधील शयनगृहाचे कपाट आवरताना प्रथम सर्व कपडे बाहेर काढून नित्य वापराचे, सणासमारंभाचे व देऊन टाकण्याजोगे असे ३ भाग करावेत. दिंडोरी लोकसभा मतदारसंघातील येवल्याची पैठणी मात्र स्वतंत्र कप्प्यात असावी. फार काळ हँगरवर टांगल्यास जरीच्या वजनाने रेशीम ताणले जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडून जरीकाम काळवंडते. म्हणून ती धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी. डांबरगोळ्यांचा जरीला स्पर्श होऊ देऊ नये. दर ३-४ महिन्यांनी घड्या बदलाव्यात. अन्यथा आईकडून लेकीकडे आलेले हे वस्त्र घडीवरच विरते. पावसाळ्यापूर्वी कपाट दिवसभर उघडे ठेवावे आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर सरकवावे.