नदीपलीकडे गेलेली राजधानी

अमेरिकेतील इलिनॉय राज्याची पश्चिम सीमा मिसिसिपी नदीने आखली आहे. नदीच्या पूर्वेस इलिनॉय आणि पश्चिमेस मिसुरी, अशी ही सरळ वाटणी. परंतु नकाशा जरा जवळून न्याहाळला, तर दक्षिणेकडे एके ठिकाणी ती मोडलेली दिसते. इलिनॉयचा एक लहानसा तुकडा नदी ओलांडून मिसुरीच्या भूमीला चिकटून पडला आहे. तेथे सपाट शेते, एक विटांचे चर्च आणि मोजकीच घरे आहेत. गावाचे नाव कास्कास्किया. १८१८ मध्ये इलिनॉय राज्य जन्मास आले, तेव्हा त्याची पहिली राजधानी हीच होती. २०१० च्या शिरगणतीत तेथे १४ माणसे भरली. २०२० मध्ये २१.

राजधानीचे खेडे होणे इतिहासाला नवे नाही. राजधानी नदीच्या दुसऱ्या काठास जाऊन पडणे मात्र विरळाच. ही घटना ज्या रँडॉल्फ काउंटीत घडली, तिची ओळख वाचकांस करून द्यावी असे आम्हांस वाटले, त्यास आणखीही एक कारण आहे. या काउंटीचा लिखित इतिहास एका धर्मग्रामाच्या नोंदवहीतून सुरू होतो, आणि ती नोंदवही गावाहूनही जुनी आहे.

काउंटी म्हणजे राज्याच्या कारभाराचा एक पोटविभाग. रँडॉल्फ काउंटीचे क्षेत्र सुमारे १,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. तिची पश्चिम कड मिसिसिपीची आहे. ईशान्येकडून कास्कास्किया नावाची दुसरी नदी वाहत येते आणि याच काउंटीत मिसिसिपीस मिळते. मिसिसिपीच्या काठाने गाळाची सपाट, अतिशय सुपीक पट्टी पसरली आहे. तिला तेथील लोक अमेरिकन बॉटम म्हणतात. आपण तिला खलाटी म्हणू. खलाटी संपते तेथे चुनखडीचे उंच कडे उभे राहतात, आणि कड्यांच्या माथ्यावर उंचसखल शेतजमीन व पोटात कोळसा असलेला प्रदेश सुरू होतो. चेस्टर हे आजचे मुख्य ठाणे कड्यावर वसले आहे. स्पार्टा, रेड बड, स्टीलव्हिल ही गावे त्यामागील उंच भागात आहेत. कड्याच्या एका कपारीत, मोडॉक येथे, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा उत्खननात सापडल्या आहेत. खलाटीत पीक उत्तम येते, पण पूरही तेथेच येतो. जे कड्यावर राहिले ते टिकले, आणि जे खाली राहिले त्यांना समृद्धी आधी मिळाली.

कास्कास्किया हे मूळचे लोकांचे नाव. इलिनॉय जमातींच्या संघातील हे एक कुळ वरच्या बाजूस, इलिनॉय नदीकाठी राहत असे. १६७५ च्या ईस्टरच्या दिवसांत येशूसंघीय फादर जाक मार्केत यांनी त्यांच्या गावी निष्कलंक गर्भसंभवाच्या नावाने मिशन स्थापिले. आजारी असलेले फादर त्याच वर्षी परतीच्या वाटेवर निवर्तले. मिशन मात्र त्या लोकांबरोबर हिंडत राहिले. ते प्रथम पिओरिया सरोवराकाठी गेले, नंतर आजच्या सेंट लुईसजवळ, आणि १७०३ मध्ये कास्कास्किया नदीच्या काठी येऊन स्थिरावले. धर्मग्राम आधी आणि गाव मागाहून, असा हा उलटा क्रम आहे. ज्या संघातील फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये आपल्या भाषेत छापून निघाले, त्याच संघातील माणसे येथे दुसऱ्या खंडात, दुसऱ्या एका लोकभाषेचे शब्दकोश तयार करीत होती. कास्कास्किया भाषेचे ते हस्तलिखित कोश अद्याप आहेत. ती भाषा बोलणारे शेवटचे लोक गेल्यावरही आप्त जमातींना आपली बोली पुन्हा उभी करण्यासाठी या कोशांचा उपयोग झाला आहे.

नोंदवहीतील पहिला बाप्तिस्मा २० मार्च १६९५ चा आहे. बालकाचे नाव पियेर. बाप मिशेल आको हा फ्रेंच व्यापारी, आणि आई मरी रुएन्सा ही कास्कास्कियांच्या नायकाची मुलगी. या मरीची हकीकत फादर ग्राव्हिए यांनी लिहून ठेवली आहे. तिला लग्न करावयाचे नव्हते. आपले आयुष्य देवाला वाहिले आहे असे ती म्हणे. बापाने तिला घराबाहेर काढले. अखेर आईबापांनी ख्रिस्ती व्हावे म्हणून ती विवाहास कबूल झाली. हा विवाह केवळ भक्तीचा की नायक आणि व्यापारी यांच्यातील सोयरिकीचा, असा प्रश्न कोणी विचारील. आम्हांस वाटते, तो दोन्हीही होता, आणि मुलीने त्यातून स्वतःची वाट काढली. १७२५ मध्ये ती वारली, तेव्हा गावातील श्रीमंत स्त्रियांत तिची गणना होत होती. तिने आपले मृत्युपत्र स्वतःच्या भाषेत सांगितले. ते फ्रेंचमध्ये उतरवून घेतले गेले. तिचे दफन चर्चमध्ये, ती ज्या बाकावर बसत असे त्याच्या खाली झाले.

फ्रेंचांच्या काळात ही खलाटी खालच्या लुइझियानाचे धान्यकोठार झाली. नदीकाठापासून आत गेलेल्या लांब अरुंद पट्ट्यांत जमीन वाटलेली होती, आणि भोवती गावाचे सामाईक कुंपण. गव्हाचे पीठ आणि खारवलेले मांस होड्यांतून न्यू ऑर्लिन्सला उतरत असे. प्रवाहाविरुद्ध परत येण्यास काही महिने लागत. १७२२ च्या सुमारास प्रेरी दु रोशे हे गाव कड्याच्या पायथ्याशी वसले. १७५० नंतरच्या दशकात त्याच्याजवळ फोर्ट दे शार्त्र हा दगडी किल्ला उभा राहिला. पुढे इंग्रजांच्या ताब्यात असताना १७७२ मध्ये नदीने त्याची दक्षिणेकडील भिंत खाल्ली. या काळात कास्कास्कियाची वस्ती ७,००० होती, असे काही पुस्तकांत आढळते. हा आकडा आम्हांस फुगवलेला वाटतो. १७५२ च्या गणतीत फ्रेंच गावाची संख्या साडेसहाशेच्या थोडी वर भरते, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे गुलाम होते. बहुतेक आफ्रिकी वंशाचे, काही इंडियन.

येथे आमची लेखणी थोडी अडखळते, पण लिहिले पाहिजे. मरी रुएन्साच्या मालमत्तेत गुलाम होते, आणि येशूसंघीयांच्या मळ्यावरही गुलाम राबत. त्यांचे बाप्तिस्मे त्याच नोंदवहीत आहेत. ज्या पानांवर त्यांना देवाची लेकरे म्हणून नोंदले, त्याच पानांवर धन्याचे नावही लिहिलेले असे. १७५९ मध्ये पोर्तुगालने येशूसंघीयांना आपल्या राज्यातून हाकलले, आणि गोव्यातील त्यांचे मठ ओस पडले. तीच लाट फ्रान्समार्गे १७६३ मध्ये येथवर पोहोचली. कास्कास्कियातील त्यांची जमीन व गुरे लिलावात गेली. चर्चची भांडी काढून नेली. गुलामही विकले गेले. फादरांवर झालेल्या अन्यायाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लिलावात ज्यांची विक्री झाली, त्यांच्याविषयी फार थोडे. १७८७ च्या कायद्याने या प्रदेशात गुलामी बंद झाली असे आपण वाचतो. परंतु जुन्या फ्रेंच रहिवाशांचे गुलाम त्यातून वगळले गेले, आणि त्यांच्या वंशजांना राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने १८४५ मध्ये मोकळे केले.

राजकीय घडामोडी थोडक्यात सांगतो. ४ जुलै १७७८ च्या रात्री जॉर्ज रॉजर्स क्लार्क या व्हर्जिनियाच्या सेनानीने पावणेदोनशेच्या आसपास माणसांनिशी, एकही गोळी न झाडता, गाव घेतले. फादर पियेर जिबो यांनी लोकांना व नंतर व्हिन्सेन्सच्या रहिवाशांना त्याच्या बाजूस वळविले. त्या वेळी जी घंटा वाजविली असे सांगतात, ती १७४१ मध्ये फ्रान्समधील ला रोशेल येथे ओतलेली, पंधराव्या लुईने दिलेली. १७९५ मध्ये काउंटी स्थापन झाली आणि व्हर्जिनियाच्या एडमंड रँडॉल्फचे नाव तिला मिळाले. पुढे प्रदेशाची आणि नंतर राज्याची राजधानी येथेच राहिली. पियेर मेनार हा फ्रेंच व्यापारी राज्याचा पहिला उपराज्यपाल झाला. १८२० मध्ये राजधानी व्हँडेलियास गेली.

ज्यांच्या नावाचे हे गाव, त्या लोकांचे काय झाले? १८०३ मध्ये व्हिन्सेन्स येथे त्यांच्याशी तह झाला. गावाजवळची थोडी भूमी आणि पसंतीची आणखी एक जागा ठेवून त्यांनी इलिनॉयमधील आपला अफाट प्रदेश सोडला. त्या तहात एक कलम आहे. जमातीतील बहुतेक लोक कॅथलिक असल्यामुळे धर्मगुरूच्या निर्वाहासाठी सरकारने सात वर्षे दरसाल १०० डॉलर द्यावेत, आणि चर्च बांधण्यास ३०० डॉलर. आम्ही हे कलम पुनःपुन्हा वाचले. ते लोकांच्या श्रद्धेची दखल घेते हे खरे. पण त्या श्रद्धेची किंमतही लावते, आणि ती किंमत किती स्वस्त! १८३२ च्या दुसऱ्या तहाने उरलेली भूमीही गेली. नायकाची मुलगी एलेन हिने गोऱ्या माणसाशी विवाह केला होता; तिच्यासाठी गावाजवळचे सुमारे ३५० एकर ठेवले. बाकीचे मिसिसिपीच्या पश्चिमेस गेले, कॅन्ससमध्ये पिओरिया व इतर आप्त जमातींत मिसळले, आणि अखेर ओक्लाहोमात पोहोचले. त्यांचे वंशज आज पिओरिया जमातीत गणले जातात.

आता नदीविषयी. १७८५ चा पूर इतका मोठा होता की समोरच्या काठावरील सेंट जेनेव्हिव्ह गावाने आपली जागाच बदलली. १८४४ च्या पुराने कास्कास्कियाचे कंबरडे मोडले. जॉर्जटाउनहून येऊन १८३३ मध्ये येथे मुलींची शाळा काढलेल्या व्हिजिटेशन संघाच्या धर्मभगिनींना आगबोटीतून सोडवून न्यावे लागले. त्या सेंट लुईसला गेल्या, त्या परतल्याच नाहीत. पुढे काउंटीचे ठाणेही चेस्टरला हलले. अखेर एप्रिल १८८१ मध्ये मिसिसिपीने गावाच्या वरच्या बाजूची चिंचोळी भूमी फोडली, आणि ती कास्कास्किया नदीच्या पात्रात शिरली. लहान नदीचे पात्र मोठ्या नदीचे झाले. जुने पात्र मागे पडून सुकत गेले. गाव दोहोंच्या मधील बेटावर राहिले, आणि पुढील काही वर्षांत घरामागून घर काठावरून पाण्यात पडत गेले.

याविषयी एका इंडियन तरुणाच्या शापाची कथा त्या भागात सांगतात. शापाची कथा सांगायला सोपी असते. तिच्यात कोणाचा हिशेब निघत नाही. संशोधकांनी दाखविलेले कारण अधिक साधे आहे. आगबोटी लाकडावर चालत. त्यांच्या भट्ट्यांसाठी पन्नास-साठ वर्षे नदीकाठची झाडे तोडली गेली. मुळे गेली, काठ ढासळले, पात्र रुंद व उथळ झाले, आणि पूर वाढले. ज्या बोटींनी गावाला बरकत आणली, त्यांनीच त्याच्या पायाखालची माती सैल केली.

१८९० नंतर जुन्या दफनभूमीतील तीन हजारांहून अधिक मृतांचे अवशेष काढून पलीकडे कड्यावरील गॅरिसन हिलवर पुन्हा पुरण्यात आले. विटांचे चर्च मागे, नव्या जागी उभारले गेले. त्यामुळे मृत इलिनॉयच्या मुख्य भूमीवर आणि जिवंत बेटावर, अशी धर्मग्रामाची फाळणी झाली. १९७३ मध्ये पूर आला. १९९३ च्या जुलैत बांध फुटून सारे बेट बुडाले, चर्चही पाण्यात उभे राहिले. ते पुन्हा स्वच्छ केले गेले.

काउंटीची लोकसंख्या १९९० मध्ये ३४,५८३ होती. २०२० मध्ये ती ३०,१६३ वर आली. तरुण बाहेर जातात, कोळशाचे काम पूर्वीसारखे उरलेले नाही. शिवाय या आकड्यात चेस्टरजवळच्या १८७८ पासूनच्या मोठ्या मेनार्ड तुरुंगातील कैदीही धरलेले आहेत, कारण शिरगणती त्यांना तुरुंगाच्या पत्त्यावर मोजते. त्यांतील पुष्कळ जण दूरच्या शहरांतून आणलेले. चेस्टरचे लोक मात्र बाहेरच्यांस पॉपाय या चित्रातील खलाशाचा पुतळा दाखवितात. त्याचा जनक एल्झी सीगर १८९४ मध्ये तेथे जन्मला. त्यात गैर काही नाही. प्रेरी दु रोशेत अजून वर्षाअखेरच्या रात्री वेषांतर केलेली मंडळी दारोदार जुने फ्रेंच गीत गात फिरतात.

ती घंटा आज बेटावर, चर्चशेजारी एका लहानशा वास्तूत ठेवली आहे. तिला तडा गेला आहे. ती पाहावयाची झाल्यास चेस्टरच्या पुलावरून मिसुरीत उतरावे लागते. तेथून उत्तरेस सेंट मेरी गावी जाऊन, सुकलेल्या जुन्या पात्रावरील लहान पूल ओलांडला, की आपण पुन्हा इलिनॉयमध्ये येतो. बेटावरील माणसाला काउंटीच्या कचेरीत काही काम निघाले, तर त्यालाही हीच वाट उलट्या दिशेने चालावी लागते.