ग्विदोची कविता आणि सार्झानाचा पुरावा

फ्लॉरेन्सचा कवी ग्विदो काव्हालकांती याची एक बाल्लाता (गीतप्रकार) प्रसिद्ध आहे. तोस्कानाला परतण्याची आशा कवीने सोडली आहे, मरण जवळ आलं आहे, म्हणून तो कवितेलाच प्रियेकडे धाडतो. इ.स. 1300 मध्ये ग्विदो फ्लॉरेन्समधून सार्झानाला हद्दपार झाला आणि त्याच वर्षी वारला. जुन्या अभ्यासकांनी ही टोकं जोडली आणि कविता सार्झानाचीच ठरली. हे इतकं छान जुळतं, की शंका यावी.

हद्दपारीला आधार भक्कम आहे. बखरकार दीनो कोम्पान्यी फ्लॉरेन्सच्या राजकारणात स्वतः होता. त्याच्या बखरीनुसार संत योहानाच्या सणाच्या आदल्या दिवशी उमरावांनी व्यापारी संघांच्या प्रमुखांवर हात टाकला. मग नगराच्या कारभाऱ्यांनी काळे आणि पांढरे या दोन्ही राजकीय तटांचे म्होरके बाहेर काढले: काळ्यांना कास्तेल्लो देल्ला पिएव्हेला, पांढऱ्यांना सार्झानाला. पांढऱ्यांच्या यादीत ग्विदो आहे. 15 जून ते 15 ऑगस्ट या मुदतीच्या सहा कारभाऱ्यांत दांते होता, आणि ‘व्हीता नुओव्हा’त त्याने ग्विदोला आपला पहिला मित्र म्हटलं आहे. त्या निर्णयाच्या वेळी दांतेच्या मनात काय चाललं होतं, ते कादंबरीकारांनी रंगवावं. कागदांत ते नाही.

पांढरे लवकर परतले. दुसरा बखरकार व्हिल्लानी कारण देतो रोगट हवेचं, आणि ग्विदो तिथूनच आजार घेऊन आला, असं सांगतो. काळे अडकून पडले असताना पांढऱ्यांना सवलत का, हा ठपका दांतेवर आला. ग्विदोला बोलावलं तेव्हा मी अधिकारावर नव्हतो, असं त्याने एका पत्रात उत्तर दिलं. ते पत्र हरवलं आहे; त्यातला मजकूर आपल्याला लिओनार्दो ब्रुनीच्या 1436 च्या दांतेचरित्रातून कळतो. ब्रुनी सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरचा, पण कागद पाहून लिहिणारा. त्याच्यावर विश्वास ठेवला तर बोलावणं 15 ऑगस्टनंतरचं ठरतं. सांता रेपाराता चर्चच्या नोंदवहीत ग्विदोच्या दफनाची तारीख 29 ऑगस्ट आहे. म्हणजे परतीनंतर त्याला जेमतेम पंधरवडा मिळाला, तोही फ्लॉरेन्समध्येच.

निराश माणूसही परततो, त्यामुळे एवढ्याने जुनं मत खोडलं जात नाही. पण कवितेत सार्झाना नाही, शिक्षा नाही, पक्षही नाही. दूरच्या स्त्रीसाठी झुरणं तर त्या काळच्या प्रेमकवींचा नेहमीचाच विषय. शिवाय ग्विदो आधीही दूर गेला होता: सांतियागोच्या यात्रेत काळ्यांचा म्होरक्या कोर्सो दोनाती याने त्याला वाटेत मारण्याचा प्रयत्न केला, असं कोम्पान्यीच सांगतो. त्याच्या इतर कवितांत तुलूझची मांदेत्ता नावाची स्त्रीही येते.

तेव्हा या बाल्लातेखाली ‘सार्झाना, 1300’ असं छापणं निराधार आहे.