अंकाऱ्याचे पांढरे मांजर

तुर्कस्तानची राजधानी अंकारा सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसली आहे. तेथील हिवाळा बर्फाचा, उन्हाळा कोरडा व कडक. युरोपीय लोक या गावास अंगोरा म्हणत. १९३० साली तुर्की सरकारने परराष्ट्रांच्या टपालखात्यांकडे तुर्की नावांचा आग्रह धरला आणि अंकारा हे नाव जगाच्या अंगवळणी पडले. जुने नाव मात्र जनावरांना चिकटून राहिले: अंगोरा शेळी, अंगोरा ससा आणि अंगोरा मांजर. शेळीच्या लोकरीने गावास पैसा मिळवून दिला. मांजराने कीर्ती मिळविली, आणि ती कीर्तीच पुढे त्याच्या मुळावर आली.

लांब केसांची मांजरे पश्चिम युरोपात सतराव्या शतकाच्या आरंभी दिसू लागली. दक्षिण फ्रान्समधील पेरेस्क (१५८०–१६३७) हा विद्वान जुनी नाणी, हस्तलिखिते आणि दुर्मिळ वनस्पती यांचा मोठा संग्राहक होता; त्याने अंगोराची मांजरे आणवून पाळली व त्यांची पिल्ले स्नेह्यांस नजर केली. त्याच सुमारास इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने इराणातून लिहिलेल्या पत्रांत खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांचे कौतुक केले. १६२३ साली सुरतेहून गोव्यास येऊन राहिलेला प्रवासी तो हाच. याप्रमाणे तुर्की आणि इराणी असे दोन वाण युरोपास ठाऊक झाले. अठराव्या शतकात ब्यूफाँने आपल्या प्राणिविषयक महाग्रंथात अंगोरा मांजराची स्वतंत्र दखल घेतली.

१८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर याच्या पुढाकाराने मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले. प्रदर्शन आले की बक्षीस आले, आणि बक्षिसामागून हौशी मंडळींची चढाओढ. त्यांना हवे होते दाट केसांचे, गोल चेहऱ्याचे, भरदार मांजर. सडपातळ अंगोराचा उपयोग इराणी मांजराशी संकर करण्यापुरताच उरला. वेअरच्या १८८९ च्या ग्रंथात दोन्ही वाणांची वर्णने वेगवेगळी आहेत; नंतरच्या काळात अंगोरा हे नावच प्रदर्शनांतून लोपले. गंमत अशी की २००८ साली जगभरच्या मांजरांची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध झाली, तीत इराणी म्हणविणाऱ्या मांजराचे नाते पश्चिम युरोपातील मांजरांशी अधिक जुळले. तुर्की अंगोराचे नाते मात्र भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडील मांजरांशीच निघाले.

मूळ वाण वाचला तो घरीच. अंकाऱ्याच्या प्राणिसंग्रहालयात या मांजरांची जोपासना होत होती. तेथूनच १९६२ साली, अंकाऱ्यास नेमणुकीवर असलेल्या एका अमेरिकन कर्नलच्या पत्नीने एक जोडी मिळवून अमेरिकेत नेली. तेथील प्रमुख मार्जारसंघाने १९६८ साली या वाणाची नोंदणी सुरू केली व १९७२ साली त्यास अजिंक्यपदाच्या स्पर्धेत प्रवेश दिला, पण तो केवळ पांढऱ्या मांजरांना. रंगीत अंगोरास तो मान १९७८ साली मिळाला. वस्तुतः या वाणात काळी, करडी, तांबूस अशी मांजरेही निपजतात. ती खरी नव्हेत असे ठरविण्यास शास्त्राचा आधार नव्हता. हौसेने एकदा दाटपणा मागितला होता, आता शुभ्रता मागितली, इतकेच.

आणि ही शुभ्रता फुकट मिळत नाही. मांजराचा पांढरेपणा हा रंग नसून रंगावरचे पांघरूण आहे. २०१४ साली असे दिसून आले की, किट नावाच्या जनुकात एका प्राचीन विषाणूचा अवशेष शिरल्याने हा गुण उद्भवतो. रंगपेशी त्वचेपर्यंत पोहोचत वा टिकत नाहीत. कित्येक पांढऱ्या पिल्लांच्या कपाळावर जन्मतः काळसर किंवा करडा ठिपका असतो. झाकलेल्या रंगाची ती खूण वर्षभरात मावळते. पण त्याच जातीच्या पेशी अंतःकर्णासही लागतात, आणि तेथे त्या नसल्या म्हणजे जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत श्रवणशक्ती नष्ट होते. डार्विनने १८५९ साली निळ्या डोळ्यांची मांजरे हटकून बहिरी असतात असे लिहिले; पुढच्या आवृत्त्यांत त्याने ते विधान सौम्य केले. आजच्या पाहणीप्रमाणे दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांत बहिरेपणाचे प्रमाण शेकडा ६५ ते ८५, आणि डोळे निळे नसतील तर शेकडा २० च्या आसपास आहे. एक डोळा निळा व दुसरा पिंगट असलेले मांजर तुर्की लोकांस विशेष प्रिय. त्याचा एकच कान गेला असेल तर तो बहुधा निळ्या डोळ्याच्या बाजूचा असतो. म्हणून पांढऱ्यास पांढरेच जोडण्याचा हट्ट सुज्ञ पाळणारे धरीत नाहीत.

स्वभावाने हे मांजर आळशी नव्हे. ते दाराच्या माथ्यावर जाऊन बसते, कपाटे उघडण्यास शिकते आणि घरातील एका माणसास आपले मानून त्याच्या मागे मागे फिरते. केसांखाली लोकरीचा दाट थर नसल्याने गुंता क्वचित होतो; आठवड्यातून एकदोनदा कंगवा फिरविला म्हणजे पुरे. हिवाळ्यात गळ्याभोवती आयाळ दाटते, उन्हाळ्यात ती झडते आणि शेपूट तेवढी झुपकेदार राहते. उष्ण देशात पांढऱ्या मांजरास दुपारच्या उन्हापासून जपावे लागते, कारण कानांची टोके व नाक उन्हाने भाजतात आणि तेथे कर्करोग जडू शकतो.

दूधभातावर मांजर पोसण्याची आपल्याकडील रीत कोणत्याच मांजरास मानवणारी नाही. टॉरिन हे द्रव्य मांस-मासळीतूनच मिळते. त्याच्या अभावी मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजतो हे १९७५ साली सिद्ध झाले, आणि हृदयही दुबळे होते हे १९८७ साली. ज्यास ऐकू येत नाही त्याची दृष्टीही जाणे किती भयंकर, हे सांगावयास नको.

बहिरे मांजर रस्त्यावर सोडू नये. मोटार आणि कुत्रा दोन्ही त्यास उशिरा कळतात. घरात मात्र ते सुखाने नांदते. त्याचे ओरडणे इतरांपेक्षा मोठे असते, कारण स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नाही. झोपलेल्या मांजरास एकाएकी हात लावल्यास ते दचकून ओरबाडते, यास्तव आधी जवळच्या जमिनीवर टाच आपटावी; तो कंप त्याच्या पावलांस कळतो. जेवणाच्या वेळी दिवा दोनदा उघडमीट केला तर काही दिवसांत ते त्या खुणेवर धावत येऊ लागते.