सारा भरणाऱ्याचे मत

शहापूर-मुरबाडकडच्या चहाच्या टपरीवर एक मत हमखास ऐकू येते: अडाण्यांना मताधिकार फार लवकर मिळाला. इतिहास याच्या उलट सांगतो. १९३५च्या भारत सरकार कायद्याने मत दिले ते प्रामुख्याने शेतसारा, मालमत्ता आणि शिक्षण पाहून. शहाणपण तपासायची सोय त्यात नव्हतीच. ठराविक साऱ्याची जमीन ज्याच्याकडे, तो मतदार. त्याच जमिनीवर राबणारा कातकरी किंवा ठाकूर मजूर बहुधा यादीबाहेर. त्यातही शहापूर तालुका ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरला, शेजारचा मुरबाड नाही. म्हणजे शहापुरातून आमदार निवडता येई, पण त्याच विधिमंडळाचा कायदा गव्हर्नरने अधिसूचना काढल्याखेरीज तालुक्यात लागू होत नसे.

कोणी म्हणेल, ही आदिवासींना सावकारापासून वाचवायची व्यवस्था होती. हेतू तसा असेलही. पण १९३०च्या दशकाअखेर मुंबई सरकारचेच अधिकारी डी. सायमिंग्टन यांनी अशा क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा त्यांना वेठबिगार आणि कर्जाचा फास दिसला. मत नसलेल्याचे रक्षण कागदावरच राहते, याला याहून मोठा पुरावा कशाला हवा? १९५१-५२च्या निवडणुकीत साऱ्याची अट गेली आणि मालक-मजूर एकाच रांगेत आले. आज शहापूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, मुरबाड खुला. लोकसभेला दोन्ही भिवंडीत मोडतात.