निजामाची विमाने

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

लंडनच्या उत्तरेला हेंडन नावाचा भाग आहे. तेथे ब्रिटिश हवाई दलाचे संग्रहालय आहे. त्या संग्रहालयात लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बनवलेले एक जुने बॉम्बफेकी विमान जपून ठेवले आहे. एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या, वर छप्पर नाही, दोन माणसांना बसायला दोन उघड्या खोबणी. विमानाची जात डी. एच. ९ ए आणि क्रमांक एफ १०१०. वरवर पाहता त्याचा आपल्याशी काही संबंध दिसत नाही. पण हे विमान ज्या पैशाने तयार झाले, त्यात कदाचित आपल्या गंगापूर-पैठणच्या, अंबड-जालन्याच्या शेतकऱ्याचाही वाटा असेल.

गोष्ट पहिल्या महायुद्धातली आहे. तेव्हा आपले शहर, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर आणि तेव्हाचे औरंगाबाद, हैदराबाद संस्थानात होते. १९११ साली गादीवर आलेले सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी युद्धात इंग्रजांना सढळ हाताने मदत केली. फौज दिली, पैसा दिला आणि शेवटी विमानेही दिली. ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या तुकडीची पहिली सगळी विमाने निजामाच्या पैशातून आली. प्रत्येक विमानावर ते निजामाने भेट दिल्याचे लिहिलेले असे आणि शेजारी 'हैदराबाद' हे नाव आणि क्रमांक. तुकडीच्या नावातही हैदराबाद हा शब्द कायमचा जोडला गेला. तिच्या मानचिन्हावर निजामाच्या राजचिन्हातला वाघ आला.

ही तुकडी १ सप्टेंबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये पोहोचली. डी. एच. ९ ए हे त्या वेळचे अगदी नवे विमान. त्याला चारशे अश्वशक्तीचे अमेरिकन लिबर्टी इंजिन होते आणि हे विमान युद्धात प्रथम वापरले ते याच तुकडीने. काम कठीण होते. भर दिवसा जर्मनीत आत शिरायचे, कारखान्यांवर आणि रेल्वेवर बॉम्ब टाकायचे आणि परत यायचे. सोबतीला संरक्षक विमाने नाहीत. उंचावर बोटे गोठवणारी थंडी. २१ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी या तुकडीची सात विमाने परतली नाहीत. त्यानंतर तीन आठवड्यांत युद्धच संपले.

हेंडनचे विमान याच तुकडीतले. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी ते जर्मन हद्दीत उतरले. त्यातले दोघे अधिकारी कैदी झाले आणि विमान जर्मनांच्या हाती पडले. पुढे ते बर्लिनच्या विमान संग्रहालयात विजयाची खूण म्हणून मांडले गेले. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा संग्रहालयातली बरीच विमाने पूर्वेकडे हलवली गेली. त्यांत हेही होते. युद्ध संपल्यावर ते पोलंडमध्ये राहिले. अखेर १९७७ साली इंग्रजांनी पोलंडला एक स्पिटफायर देऊन हे विमान परत मिळवले. म्हणजे दख्खनच्या पैशातले विमान जर्मनीत कैद झाले, पोलंडमध्ये निर्वासित झाले आणि साठ वर्षांनी अदलाबदलीत घरी आले. घरी म्हणजे इंग्लंडला, हैदराबादला नव्हे.

आता एक साधा प्रश्न विचारू. विमाने हैदराबादची, मग ती चालवायला कोणी हिंदी माणूस होता का? या तुकडीचे वैमानिक इंग्रज आणि त्यांच्या इतर गोऱ्या वसाहतींचे होते. हिंदी तरुणांना लढाऊ वैमानिक होणे तेव्हा जवळजवळ अशक्य होते. हरदित सिंग मलिक ऑक्सफर्डचा पदवीधर. त्यालाही आधी नकार मिळाला आणि फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवावी लागली. पुढे ऑक्सफर्डच्या शिक्षकाने शब्द टाकला तेव्हा कुठे १९१७ साली दार उघडले. असे दार उघडून आत गेलेले हिंदी वैमानिक हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. त्यांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचे विमान पाडले गेले आणि ते कामी आले. त्यांची कबर आजही फ्रान्समध्ये आहे. आपल्याकडे किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

आणि पैसा? विमाने निजामाने दिली असे इतिहासात लिहिले जाते. ते खरेच आहे. पण निजामाचा खजिना दिवाणी असो की सर्फ-ए-खास, त्याच्या मुळाशी शेतसारा होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतून हाली रुपये हैदराबादला जात. १९१८ साली पावसाने दख्खनला दगा दिला होता. आणि ज्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही विमाने जर्मनीवर उडत होती, त्याच सुमारास आपल्याकडे मानमोडीची साथ आली. इंग्रजीत तिला इन्फ्लुएंझा म्हणतात. त्या साथीत हिंदुस्थानात लाखो माणसे गेली. गावात मयत उचलायला माणूस मिळेना, अशा आठवणी जुनी माणसे सांगत. त्या रयतेला कोणी विचारले नव्हते की तुमच्या साऱ्यातून विमाने घ्यायची की दवाखाने काढायचे.

याच १९१८ साली बादशहाने निजामाला 'एक्झॉल्टेड हायनेस' हा किताब दिला. त्याबरोबर दुसरी पदवी होती, ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त. दरबारी भाषेत यार-ए-वफादार. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि निजामाने पुन्हा थैली मोकळी केली. त्या वेळी इंग्रजांनी एक युक्ती काढली होती. पाच हजार पौंड द्या, एका स्पिटफायर विमानावर तुमचे नाव घालू. प्रत्यक्षात विमानाला खर्च याहून जास्त येई, पण लोकांच्या तोंडी बसायला हा आकडा सोपा होता. गावे, कारखाने, संस्थाने यांनी वर्गण्या केल्या. पूर्ण तुकडीचा भार उचलणाऱ्याचे नाव तुकडीलाच मिळे. म्हणून ब्रिटिश हवाई दलात १२४ क्रमांकाची तुकडी बडोद्याच्या नावाची होती, १२२ क्रमांकाची मुंबईच्या नावाची. हैदराबादच्या नावाच्या तर आणखी दोन तुकड्या झाल्या, १५२ आणि २५३.

१५२ क्रमांकाच्या तुकडीकडे स्पिटफायर, २५३ कडे हरिकेन. १९४० च्या उन्हाळ्यात हिटलरची विमाने इंग्लंडवर तुटून पडली, तेव्हा या दोन्ही तुकड्या त्या लढाईत होत्या. पहिली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, दुसरी लंडनजवळच्या केनली तळावर. १५२ च्या मानचिन्हावर काय होते? निजामाची दस्तार! आणि खाली दोन शब्दांचे ब्रीद, विश्वासू दोस्त. १९१८ ची पदवी अशी विमानावर जाऊन बसली.

ही १५२ क्रमांकाची तुकडी पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आली. १९४४ साली जपान्यांनी इंफाळला वेढा घातला तेव्हा तिची स्पिटफायर विमाने तेथे लढली. त्या विमानांच्या अंगावर झेप घेणारा काळा बिबट्या रंगवलेला असे. जुनी छायाचित्रे आजही विमानप्रेमी हौसेने पाहतात. त्या बिबट्याच्या मागचे हैदराबाद मात्र फारसे कोणी पाहत नाही.

आता १९४८ कडे येऊ. इंग्रज निघून गेले होते. त्यांचे संस्थानिकांशी असलेले सारे करार स्वातंत्र्याबरोबरच संपले होते. निजामाला स्वतंत्र राहायचे होते. विश्वासू दोस्ताला लंडनकडून काय मिळाले? विरोधी बाकांवरून चर्चिल यांनी पार्लमेंटात हैदराबादची बाजू मांडली, एवढेच. आणि गंमत अशी, की ज्या संस्थानाच्या नावाने तीन लढाऊ तुकड्या जगभर उडाल्या, त्याच्याकडे स्वतःचे लढाऊ विमानदल नव्हते.

मग तेथे एक विलक्षण माणूस आला. नाव सिडनी कॉटन, ऑस्ट्रेलियाचा वैमानिक. पहिल्या महायुद्धात या माणसाच्या लक्षात आले की आपला तेल-ग्रीसने माखलेला कामाचा पोशाख उंचावर इतरांच्या लोकरी कपड्यांपेक्षा जास्त ऊब देतो. त्यावरून त्याने वैमानिकांसाठी 'सिडकॉट' नावाचा पोशाख तयार केला. तो पुढे ब्रिटिश हवाई दलाने वर्षानुवर्षे वापरला. १९३९ साली त्याने प्रवासी विमानाच्या पोटात कॅमेरे लपवून जर्मनीची छायाचित्रे काढली. अशा माणसाने १९४८ साली हैदराबादसाठी शस्त्रे वाहायचे काम घेतले. लँकॅस्टर या बॉम्बफेकी विमानाची शस्त्रे काढून लँकॅस्ट्रियन नावाचे मालवाहू विमान बनवले जाई. तशी विमाने कराचीहून रात्रीच्या अंधारात उडत आणि बीदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरत. पुढे लंडनच्या न्यायालयाने या चोरट्या वाहतुकीबद्दल कॉटनला दोनशे पौंड दंड केला. एका राज्याच्या शेवटच्या आशेची किंमत कोर्टात दोनशे पौंड ठरली!

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. आपण त्याला पोलीस अॅक्शन म्हणतो. दुसऱ्याच दिवशी, १४ तारखेला, आपले शहर भारतीय सैन्याच्या ताब्यात आले. हवेत भारतीय हवाई दलाची टेंपेस्ट विमाने होती. त्यांनी बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर हल्ले केले. टेंपेस्ट कोणी बनवले होते? हॉकर कंपनीने. म्हणजे निजामाच्या नावाची तुकडी लंडनच्या आकाशात ज्या हरिकेनमधून लढली, त्या हरिकेनचा हा धाकटा भाऊ. १७ सप्टेंबरला निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली आणि १८ तारखेला त्यांचे सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. यार-ए-वफादारची गोष्ट तेथे संपली.

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण मुक्तीदिन साजरा करतो. तो सर्वांचा दिवस आहे. रझाकारांच्या जुलमाविरुद्ध लिहिणारा 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये मारला गेला. तोही याच लढ्याचा हुतात्मा आहे. पोलीस अॅक्शननंतर मराठवाड्यातल्या अनेक गावांत निरपराध मुसलमान मारले गेले. सुंदरलाल समितीने ते नोंदवले आणि तो अहवाल बरीच वर्षे दडून राहिला. ज्यांनी आयुष्यात निजामाला पाहिले नव्हते, ज्यांच्या बापजाद्यांनी त्याला साराच भरला होता, त्यांच्याकडून निजामाच्या निष्ठेचा हिशेब मागितला गेला. राजाची वफादारी आणि रयतेची वफादारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण फार सहज विसरतो.

म्हणून या कथेतले आणखी एक विमान सांगतो. पहिले महायुद्ध संपल्यावर डी. एच. ९ ए विमानांचे सुटे भाग ढिगाने शिल्लक होते. १९२७ च्या सुमारास ब्रिटिश हवाई खात्याने नव्या विमानाची मागणी काढली तेव्हा अट घातली, की जमतील तेवढे हे जुने भाग वापरा. त्यातून 'वापिटी' हे विमान तयार झाले. आणि १ एप्रिल १९३३ रोजी भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती चार वापिटी विमानांवर. निजामाने इंग्रजांना दिलेल्या विमानाचा वंश असा फिरून आपल्या घरी आला.

१९४२ साली हवाई दलात दाखल झालेला हैदराबादचा एक अठरा वर्षांचा मुलगा कराचीला याच वापिटी विमानांवर सुरुवातीला उडाला. त्याचे नाव इद्रिस हसन लतीफ. पुढे तो ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढला. फाळणीच्या वेळी असगर खान आणि नूर खान या मित्रांनी त्याला पाकिस्तानच्या हवाई दलात बोलावले. त्याने नकार दिला आणि भारत निवडला. २६ जानेवारी १९५० रोजी पहिल्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या आकाशात टेंपेस्ट विमानांची सलामी झाली, तिचे नेतृत्व त्याने केले. १९७८ ते १९८१ या काळात ते हवाई दलाचे प्रमुख होते आणि १९८२ पासून तीन वर्षे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल. २०१८ साली हैदराबादला त्यांचे निधन झाले.

निजामाच्या नावाच्या तिन्ही तुकड्या केव्हाच बरखास्त झाल्या. २५३ क्रमांकाची १९५७ साली, १५२ ची १९६७ साली आणि ११० ची १९७१ साली. विश्वासू दोस्त हे ब्रीद तुकडीबरोबरच कपाटात गेले. ती वफादारी विकत घेतलेली होती. एका बाजूने थैली, दुसऱ्या बाजूने किताब. इद्रिस लतीफ यांच्या वफादारीला कोणी किताब देऊ केला नव्हता. चोवीस वर्षांच्या तरुणाने जिवलग मित्रांना नाही म्हटले आणि तो आपल्या मातीत राहिला. त्या वर्षांत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतल्या हजारो साध्या माणसांनीही तेच केले. त्यांची नावे कोणत्याही विमानावर लिहिलेली नाहीत.