पुन्हा परीक्षा कशासाठी?

अमेरिकेत ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या, म्हणजे एपीच्या, भाषेच्या परीक्षेत पाचपैकी तीनच गुण मिळाले, की कॉलेजचे अर्ज भरण्याआधी ती पुन्हा द्यावी का, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. या परीक्षेचा इतिहास पाहिला तर उत्तर बहुधा ‘नको’ असंच येतं. १९५० च्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून ही योजना उभी राहिली आणि पुढे कॉलेज बोर्डाने ती चालवायला घेतली. तिचा मूळ हेतू प्रवेशाचा नव्हताच. शाळेत झालेला अभ्यास कॉलेजात पुन्हा गिरवावा लागू नये, तयारी असलेल्या मुलाला थेट वरच्या वर्गात बसता यावं, यासाठी ती होती. वेळापत्रकात तो हेतू आजही दिसतो. परीक्षा वर्षातून एकदा, मे महिन्यात, निकाल जुलैत. बारावीतल्या मुलांचे अर्ज मात्र बहुतेक जानेवारीपर्यंत गेलेले असतात. अकरावीतली परीक्षा बारावीत पुन्हा दिली, तर नवे गुण अर्जाला लागतच नाहीत.

यावर कुणी म्हणेल, २०२१ मध्ये सॅटच्या विषयवार परीक्षा बंद झाल्यापासून प्रवेश समित्यांचं लक्ष एपीकडे वळलं आहे. त्यात तथ्य आहे. पण अर्जात कोणते गुण लिहायचे, हे बहुतेक ठिकाणी विद्यार्थीच ठरवतो. शिवाय २००७ पासून होणाऱ्या चिनी भाषेच्या परीक्षेला घरी तीच भाषा बोलणारी मुलं मोठ्या संख्येने बसतात. शाळेत शून्यापासून शिकलेल्या मुलाचे तीन गुण त्यांच्या शेजारी ठेवून जोखणं अन्यायाचं आहे. नववी-दहावीत परीक्षा दिलेल्यांना वेळ आहे, त्यांनी जरूर विचार करावा. बाकीच्यांनी फी भरण्याआधी आपल्या कॉलेजात किती गुणांना क्रेडिट मिळतं, तो नियम वाचावा.